शेंद्रेवाडीचं पाकीटवाचन

सव्वीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या पोरांना ‘मतदान गुप्त असतं’ हा धडा शिकवला. आणि त्याच काळात, दोन निवडणुकांना, आमच्या शेंद्रेवाडीतल्या सव्वादोन हजार माणसांची मतं रवळनाथाच्या सभामंडपात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. माझा आवाज खणखणीत आहे, उच्चार स्वच्छ आहेत. गावानं काम सांगितलं, मी केलं. तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? हाच प्रश्न मला एका अठरा वर्षांच्या मुलीनं भर वर्गात विचारला.

आधी ते पाकीट काय, ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

२०३० च्या सुमारास ग्रामपंचायतींचं मतदान शंभरात पंचवीस-तीसवर आलं होतं. लोक येईनात. तेव्हा अनुमानक आलं. पंचायतीच्या कचेरीत कपाटाएवढं एक यंत्र बसलं आणि नवा कायदा झाला. जो मतदानाला येईल त्याचं मत तो देईल. जो येणार नाही, त्याचं मत यंत्र ओळखेल आणि तेच मोजलं जाईल.

ओळखेल म्हणजे काय? मनात शिरेल असं नाही. चहाच्या टपरीवरचा माणूस तुम्हाला लांबून बघून साखर कमी टाकतो, तसंच हे. फक्त टपरीवाला तुम्हाला दिवसातून दोनदा बघतो आणि अनुमानकानं तुम्हाला दहा वर्षं सतत बघितलेलं असतं. कोणत्या बातमीवर तुमचं बोट थांबलं, कोणती सरकवली, कुणाचा फोन पहिल्या घंटीला उचलला, कुणाला ‘बघू’ म्हणालात आणि कोणत्या सुरात म्हणालात. घरोघरी बोलणाऱ्या पेट्या आहेतच, त्यांनी ऐकलेलं सगळं यात येतं. तुमच्यासारख्या लाखो माणसांनी अशा वेळी काय केलं, हे त्यात मिसळायचं आणि अंदाज काढायचा. नऊशे गावांत चाचणी घेतली, शंभरात शहाण्णव अंदाज बरोबर निघाले. परवानगी आपणच दिलेली होती. ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट ठेवताना कुणी वर वाचतं का?

कायदा करणारे अगदीच अडाणी नव्हते. उमेदवारांचे अर्ज भरून झाले की दुसऱ्याच दिवशी प्रत्येक मतदाराला एक बंद पाकीट येतं. आत लिहिलेलं असतं, तुमचं मत अमक्याला जाईल असा आमचा अंदाज आहे, त्याचा आधार असा असा. मान्य नसेल तर केंद्रावर येऊन आपल्या हातानं मत द्या. पाकीट फक्त तुमच्यासाठी. चांगली सोय होती.

पण सोय आमच्या गावात आली की तिची रीत होते. रवळनाथाला कौल लावायचा आमचा जुना रिवाज. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही, आणि पुजारी ते सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगणार. पाकीट आलं तेव्हा गावानं ते त्याच खात्यात टाकलं. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सगळी पाकिटं देवळात आणायची, वाचायची, बेरीज करायची. ज्याची मतं कमी त्यानं अर्ज मागे घ्यायचा. निवडणूक बिनविरोध. वेशीवर ‘बिनविरोध ग्राम’ असा हिरवा फलक आहे आमच्या, त्याला दर दिवाळीला हार घालतात.

यावर हसू नका. आप्पा देसायांनी ही रीत घातली, आणि का घातली ते मला माहीत आहे. २०१५ च्या निवडणुकीत गावात काठ्या चालल्या. आप्पांच्या धाकट्या भावाचा, नानांचा, एक डोळा गेला. तेव्हापासून आप्पांना निवडणूक म्हटलं की तो डोळा दिसतो. ‘गाव भांडता कामा नये’ एवढंच त्यांचं राजकारण. आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष, मला नोकरीला लावलं ते त्यांनीच. आणि वाचणारा म्हणून उभं केलं तेही त्यांनीच.

२०४१ ला सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. आप्पांच्या सूनबाई विद्या देसाई उभ्या राहिल्या. मुलगी हुशार, माझीच विद्यार्थिनी. आणि त्यांच्यासमोर दुसरा एकच अर्ज आला. राजश्री महांतेश कोरी. माझी बायको.

राजश्री बावीस वर्षं आशा सेविका आहे. गावात असं बाळ नाही ज्याला तिनं डोस पाजला नाही. अर्ज भरून आली आणि म्हणाली, “भरला.” मी “बरं केलंस” म्हणालो. पेपरातून नजर न काढता म्हणालो, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

पाकीट आलं ते मी स्टाफरूममध्ये उघडलं.

‘श्री. महांतेश शिवलिंग कोरी. सरपंचपदासाठी आपले अनुमानित मत: सौ. विद्या रणजित देसाई. खात्री: शंभरात एक्याण्णव.’

आणि खाली बारीक अक्षरात ‘आधार’. देसाई कुटुंबाशी दीर्घ निष्ठा. गावच्या पाणीप्रश्नात रस अत्यल्प. सत्ताबदलाने नोकरीत अडचण येईल अशी भीती. शेवटची ओळ अशी होती: ‘जोडीदाराशी संवाद: दररोज सरासरी नऊ मिनिटे.’

मी ते चारदा वाचलं. राग यायला हवा होता, आला नाही. लाज वाटली. कारण मी स्वतःलाच विचारलं, बाबा रे, तू कुणाला देणार होतास? आणि मला लगेच ‘राजश्रीला’ असं म्हणता आलं नाही. ती निवडून आली तर आप्पा काय म्हणतील, घरी माणसांची रांग लागेल, माझ्या चहाच्या वेळेला ती कुठल्या तरी बैठकीत असेल, असले क्षुद्र विचार मनात होतेच. यंत्रानं चोर पकडला होता. आणि रविवारी हे मीच माझ्या खणखणीत आवाजात गावाला वाचून दाखवणार होतो.

दुसऱ्या दिवशी बारावीचा तास होता. एकेचाळीस मुलं, त्यात चौघांचं नाव शौर्य. पाच जणांना अठरा पूर्ण झाली होती, त्यांना पहिल्यांदा पाकीट आलं होतं. त्यातली स्वरा कांबळे पाकीट घेऊनच उभी राहिली.

“सर, यात लिवलंय मी कुणाला मत देणार. मी तर अजून ठरवलंच न्हाई. यानं कसं ठरवलं?”

“अंदाज आहे तो, स्वरा.”

“अंदाज हाय तर मोजायचा कशाला?”

अभ्यासक्रमाबरोबर खात्यानं अनुमानकाची एक छोटी शालेय पेटी पाठवली होती. प्रात्यक्षिकासाठी. वर्षभर कपाटात पडून होती. मी म्हटलं, चला, बघूच. कॉलेजला नुकतंच बोअरचं जादा पाणी मिळालं होतं आणि ते एकाच ठिकाणी नेता येणार होतं. मैदानावर, नाहीतर मागच्या बाजूला मुलींच्या स्वच्छतागृहात. मी पेटीला विचारलं, हा वर्ग काय ठरवेल? मुलांचे कॉलेजातले टॅब तिला जोडलेलेच होते. पेटीनं क्षणात सांगितलं, मैदान सत्तावीस, स्वच्छतागृह चौदा.

“मतं घ्यायच्या आधी अर्धा तास बोला,” मी म्हटलं. “कुणीही, काहीही.”

वीस मिनिटं नुसता क्रिकेटचा गलका. उन्हाळ्यात मैदानाची धूळ डोळ्यात जाते, तालुक्याचे सामने आपल्याकडे येतील, वगैरे. मुद्दे वाईट नव्हते. मुलीही माना डोलावत होत्या. मग स्वरा उभी राहिली. टेबलाकडे बघत बोलली, आमच्याकडे नाही.

“सर, आम्ही सकाळपासनं पाणी पीत न्हाई. घरला जाईस्तोवर. मागं पाणी नसतंय म्हणून.”

अयान नदाफ म्हणून एक मुलगा आहे, गावातला सगळ्यात जोरात चेंडू टाकणारा. त्यानं मागं वळून विचारलं, “सगळ्याच?” मागच्या बाकावरून कुणीतरी “व्हय” म्हणालं. मग आणखी दोघी. “आमची ताई बी ह्याच कॉलेजात हुती,” अयान म्हणाला, “ती कधी बोलली न्हाई.” आणि तो खाली बसला.

चिठ्ठ्या टाकल्या. स्वच्छतागृह पंचवीस, मैदान सोळा.

पेटी एका तासात अकरा जणांबद्दल चुकली होती. मी फळ्याजवळ उभा राहून विचार करत होतो, असं का? आणि मग ते अगदी साधं वाटलं. पेटीनं सगळं ऐकलेलं होतं, पण ही गोष्ट कुणी कधी बोललंच नव्हतं. फोनवर नाही, घरी नाही, मैत्रिणीतही नाही. बोललं न गेलेलं यंत्राला कुठून ऐकू येणार? माणूस काल काय होता ते त्याला पक्कं ठाऊक असतं. उद्या तो समोरच्याचं काय ऐकेल आणि ऐकून कुठं वळेल, ते नसतं. आणि गेली दहा वर्षं आमच्या गावात निवडणुकीला कुणी कुणाशी बोलतच नव्हतं. सभा नाही, फेरी नाही, ओट्यावरची वादावादी नाही. मग यंत्राचे अंदाज शंभरात शहाण्णव बरोबर येणारच की.

मी हे मुलांना सांगितलं. छान सांगितलं, माझं मलाच बरं वाटलं. तेवढ्यात स्वरा पुन्हा उभी.

“सर, एक विचारू? रागवायचं न्हाई.”

“विचार की.”

“रविवारी देवळात पाकिटं तुम्हीच वाचणार न्हवं?”

“हो.”

“मागच्या दोन्ही बारीला तुम्हीच वाचलासा. माझ्या आज्जीचं मत देसायांच्या विरोधात निघालं, तवा सगळे तिच्याकडं वळून बघाय लागले. ती अजून सांगती. मग मत गुप्त असतंय हे परीक्षेपुरतंच हाय काय?”

घंटेला सात मिनिटं बाकी होती. “तास संपला,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी राजश्री भाकऱ्या थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. एरवी मी तिथं उभा राहत नाही.

“तुमचं पाकीट आलं?” तिनं विचारलं.

“आलं.”

“माझंबी आलं. माझं मत मलाच हाय म्हणं. तेवढं तरी बरोबर ओळखलं.” ती हसली. “तुमचं?”

“मत गुप्त असतं, राजश्री.”

थापता थापता तिचा हात थांबला. “बरोबर हाय,” ती म्हणाली. “रविवारी तुमच्याच तोंडनं ऐकीन.”

ती समजली होती. बावीस वर्षं दारोदार जाणारी बाई ती, नवऱ्याचं तोंड वाचायला तिला यंत्र लागत नाही. मला वाटलं, काहीतरी बोलावं. शेवटी मी विचारलं, “ते पाण्याचं काय आहे? तू उभी का राहिलीस?”

“आत्ता व्हय?”

“सांग ना.”

तिनं आधी माझ्याकडं नीट बघितलं, चेष्टा करतोय का म्हणून. मग सांगायला लागली. वरच्या गल्लीत रोज पाणी आणि खालच्या वसाहतीत चौथ्या दिवशी. टाकी एकच, व्हॉल्व्ह दोन, पण खालचा व्हॉल्व्ह उघडायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही, कारण लक्षात ठेवणारे सगळे वरच्या गल्लीत राहतात. बाळंतिणीच्या घरी गेलं की ती आधी माठ उचलून बघते, किती जड आहे. माठ हलका असला की तिला पुढचं सगळं कळतं, बाई औषधाबरोबर पाणी किती पिणार, बाळाचे कपडे कधी धुणार. “मी विद्याला दोनदा सांगितलं. पोरगी चांगली हाय, पर तिच्या घरात नळ कधी थांबलाच न्हाई. तिला त्यो माठ हातात घेतल्याशिवाय कळायचं न्हाई.”

भाकरी करपली. तिनं ती बाजूला ठेवली आणि दुसरी थापत थापत बोलतच राहिली. मी दाराला टेकून ऐकत होतो. एकाच घरात सत्तावीस वर्षं राहिलो आणि मला हे काहीच माहीत नव्हतं.

पण पाकीट बदललं नव्हतं. ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

रविवारी चार वाजता सभामंडप भरला. गल्लीवार दुरड्या मांडल्या होत्या, प्रत्येक दुरडीत त्या गल्लीतली पाकिटं. पुढच्या रांगेत आप्पा, शेजारी काळा चष्मा लावून नाना. बायकांच्या बाजूला विद्या आणि तिच्या मागे दोन रांगा सोडून राजश्री. खांबाजवळ बारावीतली ती पाच मुलं उभी होती. पाकिटं त्यांच्या हातातच होती, दुरडीत टाकली नव्हती.

“करा सुरवात, मास्तर,” आप्पा म्हणाले.

मी माईक घेतला. “आप्पा, मी वाचणार नाही,” मी म्हणालो.

कुजबूज झाली. मी पुढं बोललो, जसं जमलं तसं. की मागच्या दोन वेळी वाचलं ती माझी चूक होती. वर्गात एक शिकवलं आणि इथं दुसरंच केलं. कांबळ्यांच्या आज्जींकडे सगळं गाव वळून बघत होतं तेव्हा मी पुढचं पाकीट उघडत होतो, त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो. ज्याचं पाकीट त्यानं घरी न्यावं आणि ज्याला पटत नसेल त्यानं मतदानाला यावं.

मागून आवाज आला, “बायको उभारली तवा धडा आठवला व्हय, मास्तर?”

मंडप हसला. हसणारच. मीही त्यांच्या जागी हसलो असतो. माझ्या लक्षात आलं, आता मी काहीही बोललो तरी ते बायकोला वाचवायला बोलतोय असंच दिसणार. एकच मार्ग होता आणि तो मला अजिबात नको होता.

मी खिशातून माझं पाकीट काढलं. “दुसऱ्याचं एकही वाचणार नाही,” म्हणालो. “माझं माझं आहे, ते वाचतो.” आणि वाचलं. विद्या रणजित देसाई. शंभरात एक्याण्णव. निष्ठा, भीती, पाणीप्रश्नात रस अत्यल्प. शेवटची ओळही वाचली. जोडीदाराशी संवाद, दररोज सरासरी नऊ मिनिटे.

कुणी हसलं नाही. “या दुरड्या वाचल्या तर बहुतेक राजश्रीलाच अर्ज मागे घ्यावा लागेल,” मी म्हणालो. “न वाचण्यात तिचा फायदा आहे, हे मला कळतं. माझी अब्रू गेली ती गेली. तरी मी वाचणार नाही.”

राजश्रीकडे बघायची माझी छाती नव्हती. पण ती उठली हे कळलं, कारण सगळी डोकी तिकडं वळली.

“मास्तर माझ्याशी नऊ मिनटं बोलतात हे खरं हाय,” ती म्हणाली. “त्येचं मी घरी बघते. पर माझा अर्ज मी मागं घेत न्हाई.”

तेव्हा मात्र मंडप हसला, आणि हे हसणं वेगळं होतं. आप्पा उठले. “अरं, परत काठ्या निघतील. नानाकडं बघा एकदा. मी काय माझ्या घरासाठी करतोय व्हय हे?” मला त्यांचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्यांनी मुलाला, रणजितला, माईक घ्यायला खुणावलं. पण विद्या मध्येच उभी राहिली. “मामंजी, राहू दे. निवडून यायचंच असंल तर मतं घिऊन यीन.”

मग कांबळ्यांची आज्जी काठी टेकत पुढं आली, आपल्या गल्लीच्या दुरडीजवळ वाकली आणि म्हणाली, “आमचं द्या.” पाच मिनिटांत सगळं गाव दुरड्या उपसत होतं. जाता जाता आप्पा माझ्याजवळ थांबले. “डोकी फुटली तर तुमच्या नावावर, मास्तर,” म्हणाले आणि गेले.

राजश्री तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नऊ मिनिटांचीही सोय राहिली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. यंत्रानं सांगितलेलं सगळं खरं होतं आणि ते तिला गावासमोर ऐकावं लागलं, याचा तिला राग होता की दुःख, हे मला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी चहा ठेवून म्हणाली, “आज खालच्या वसाहतीत सभा हाय. माईक धराय या. बोलायचं न्हाई.”

मी गेलो. माईक धरला. बोललो नाही.

त्या पंधरा दिवसांत गावाला वाचा फुटली. विद्याही घरोघर फिरली, आणि खालच्या वसाहतीत एका घरी राजश्रीनं तिच्या हातात खरंच माठ दिला म्हणे. ओट्यांवर वाद, पिठाच्या गिरणीत वाद. आमच्या वर्गातली पोरं वाद ऐकत हिंडायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन मला प्रश्न विचारायची. पुस्तक दोन आठवडे उघडलं नाही, तरी त्या वर्षी राज्यशास्त्रात एकही नापास झाला नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर शाईची एकच छोटी बाटली आणली होती. शेजारच्या गावांत पन्नास-साठच माणसं येतात, म्हणून. अकरा वाजता शाई संपत आली आणि गडहिंग्लजला जीप पाठवावी लागली, तोवर रांग शाळेच्या फाटकाबाहेर. दुपारी दोन गडी छातीला छाती लावून उभे राहिले खरे. तेव्हा रांगेतून बाहेर येऊन मध्ये पडले ते आप्पाच. दोघांना चहाला घेऊन गेले. परत आले तेव्हा नानांचा हात धरून माझ्या मागं उभे राहिले. बाहेर पडल्यावर त्यांनी आपलं शाई लावलेलं बोट बराच वेळ न्याहाळलं.

एक हजार चारशे एकोणीस माणसं आली. आलेल्यांत राजश्री तीनशे एकोणतीस मतांनी पुढं होती. न आलेल्या आठशे ऐंशी जणांची मतं यंत्रानं दिली, त्यात विद्या तीनशे चाळीस मतांनी पुढं गेली. राजश्री अकरा मतांनी पडली.

आम्ही घरी चालत आलो. वाटेत लोक भेटत होते, ती सगळ्यांशी नीट बोलत होती. आमच्या दाराशी आल्यावर म्हणाली, “अकरा.”

मी तोंड उघडलं. माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी दाताशी.

“सांगू नका,” ती म्हणाली. “आत्ता सांगितलासा तर माझं मन राखाय सांगतायसा असंच वाटंल. मग खरं असलं तरी खोटं हुईल ते.”

मी तोंड मिटलं. सव्वीस वर्षं शिकवलेला धडा त्या दिवशी मला किती जड गेला, ते मलाच ठाऊक. मत कुणाला दिलं ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही.

याला पाच वर्षं झाली. विद्यानं सहाव्या महिन्यात खालच्या वसाहतीला एक दिवसाआड पाणी सुरू केलं, कारण राजश्री दर सोमवारी तिच्या कचेरीत जाऊन बसायची. वेशीवरचा हिरवा फलक गंजला, कुणी हार घालत नाही. मी निवृत्त झालो. तो धडा आता स्वरा तिच्या शिकवणीच्या पोरांना शिकवते, माझ्यापेक्षा बरा शिकवते असं ऐकतो. आणि राजश्री रोज संध्याकाळी गावातलं काहीतरी सांगते, मी त्यावर काहीतरी बोलतो, तिला ते पटत नाही, मग भाकरी करपते.

परवा पुन्हा पाकीट आलं. राजश्री पुन्हा उभी आहे. मी ओसरीवर बसून ते उघडलं.

‘श्री. महांतेश शिवलिंग कोरी. आपले मत अनुमानित करता आले नाही. कृपया प्रत्यक्ष मतदानास यावे. आधार: जोडीदाराशी संवाद, दररोज सरासरी एक तास बारा मिनिटे. वारंवार मतभेद.’

नंतर कळलं की गावात अशी सातशेच्या वर पाकिटं आली. पण तेव्हा मला गावाचं काही सुचलं नाही. आयुष्यात मला कुणी एवढं चांगलं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. मी तो कागद हातात धरून तसाच अनवाणी अंगणात धावलो. राजश्री फेरीला निघाली होती, फाटकाशी वाकून चपला घालत होती.

“अगं, हे बघ,” मी म्हणालो.

तिनं वर बघितलंच नाही. “पाकीट आलं न्हवं? घडी घाला. मला दाखवायचं न्हाई ते.”

मी घडी घातली, खिशात ठेवली, चपला घातल्या. मग ओसरीवरचा माईक उचलला आणि तिच्या मागून निघालो.